पाण्याच्या वाटेनं वस्तीत: फेरीला येण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या मोहल्ल्यांत आणि वस्त्यांत पर्यटकांची गाडी थांबत नाही, तिथं आम्ही पायी फेरी काढतो. वाट दाखवणारी माणसं त्याच गल्ल्यांत राहणारी आहेत. नोंदणी करताना लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथं लिहिली आहेत. जिथं आम्हालाच चुका करून शिकावं लागलं, तिथं उत्तर लांबलं आहे.

फेरी कुठून कुठं जाते? किती वेळ लागतो?

सकाळी साडेसातला बेगमपुऱ्यात जमायचं. बीबी का मकबरा पाहायला येणाऱ्या गाड्या याच भागातून जातात आणि थेट मकबऱ्याच्या फाटकाशी थांबतात. आपण मकबरा बाजूला ठेवून बेगमपुऱ्याच्या गल्ल्यांतून चालतो, पाणचक्कीशी येतो, महमूद दरवाजाजवळच्या पुलावर खाम नदी पाहतो आणि जुन्या शहरात शिरतो. चेलीपुरा, शहागंज असं करत बाहेर पडलो की शेवटचा टप्पा रिक्षानं: शहराच्या कडेची एक गुंठेवारी वस्ती (गुंठेवारी म्हणजे काय ते पुढं येतंच). तिथं एका घरी चहा आणि बोलणं. सगळं मिळून साडेतीन तास.

त्या वस्तीचं नाव आम्ही इथं लिहीत नाही. वस्तीतल्या बायकांच्या बैठकीतच तसं ठरलं. नाव छापलं की उद्या कुणीही, कुणाला न विचारता, मोबाइल हातात धरून गल्लीत उभा राहील, असं त्यांचं म्हणणं होतं. ते आम्हाला पटलं.

फेरीचा धागा पाणीच का?

कारण हे शहर पाण्यावरच वसलं. १६१० साली खडकी गावाच्या जागी ज्यानं हे नगर उभं केलं तो मलिक अंबर हबशाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आलेला माणूस. निजामशाहीचा वजीर झाल्यावर त्यानं डोंगराच्या पायथ्याचं जमिनीखालचं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर, नळांतून शहरात खेळवलं. तीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर त्यानंतरची. तिथं उंच चढवलेलं पाणी हौदात कोसळतं. त्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात उतरलेल्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ निघायचं. लोक तिथं धबधब्यासमोर फोटो काढून निघून जातात. आम्ही तिथं अर्धा तास बसतो, कारण चारशे वर्षांपूर्वी कोणत्या मोहल्ल्यापर्यंत पाणी पोचवायचं हे कुणीतरी विचार करून ठरवलं होतं, हे डोक्यात असल्याशिवाय पुढची वस्ती कळत नाही.

पुढचं चित्र असं. १९७१ च्या जनगणनेत या शहरात दीड लाखाच्या आसपास माणसं होती. २०११ मध्ये पावणेबारा लाख झाली. पाणी येतं पैठणच्या जायकवाडीहून. गोदावरीवरच्या या धरणाचं उद्घाटन १९७६ चं. तिथून शहराला पाणी आणणाऱ्या दोन जुन्या वाहिन्या, एक ७०० मिलिमीटरची आणि दुसरी १४०० मिलिमीटरची. शहर वाढत गेलं, वाहिन्या तेवढ्याच राहिल्या. नव्या मोठ्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. दरम्यानच्या वर्षांत नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काठोकाठ भरलेला असतानाही शहरातल्या कितीतरी घरांनी चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं येणाऱ्या नळाची वाट पाहिली. आणि जिथं नळाची लाइनच पोचली नाही, तिथं टँकर.

वस्तीत दारोदार निळे ड्रम दिसतील. एका ड्रमावर झाकण, त्यावर पाटा, पाट्यावर वीट. ते का, हे आमच्या वाट दाखवणाऱ्या मावशी सांगतात: डास आणि पोरं, दोन्ही आत पडू नयेत म्हणून. घरातल्या कोणी कामाला जायचं आणि कोणी खाडा करायचा, हेही पाण्याच्या दिवसावर ठरतं. बहुतेक वेळा खाडा बाईचाच होतो. चार घरची धुणीभांडी करणारीचा खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जातात. म्हणजे फुकट दिसणारं नळाचं पाणी तिला मजुरी देऊन भरावं लागतं.

गुंठेवारी म्हणजे झोपडपट्टीच ना?

नाही. आणि वस्तीत हा शब्द वापरला तर लोकांना लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शहराच्या कडेच्या शेतजमिनीचे बिगरशेती परवानगी न घेता तुकडे पाडले गेले, विकले गेले, आणि घेणाऱ्यानं व्यवहार बॉन्ड पेपरवर लिहून घेतला. वीस बाय तीसचा प्लॉट. आधी चार पत्रे, दोन-तीन वर्षांनी विटांच्या भिंती, मुलगा कामाला लागला की स्लॅब. म्हणजे इथल्या माणसानं जागेचे पैसे मोजलेले आहेत, बहुतेकांनी गावाकडचं काहीतरी विकून किंवा व्याजानं काढून. त्याच्याकडं नाही ते सातबाऱ्यावरचं नाव, मंजूर नकाशा, आणि त्यामुळं रस्ता, ड्रेनेज, नळ.

माणसं आली कशी? १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातली कितीतरी घरं हलवली. काही परत गेली, काही राहिली. चिकलठाण्याला, मग वाळूजला एमआयडीसी वाढली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि बीड, जालना, परभणीकडच्या पोरांना शहर दिसायला लागलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली काही माणसंही कोयता ठेवून इकडं आली. कंपनीत कायम झालेल्यांनी कॉलनीत घर घेतलं. कंत्राटीवर राहिलेल्यांनी गुंठेवारीत. पुष्कळ गल्ल्या गावावरून ओळखल्या जातात, कारण एकाच गावची माणसं एकमेकांचा हात धरून आली.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. पुढं २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात वाट मिळाली. पण नियमित करायला शुल्क लागतं, कागद लागतात, खेपा घालाव्या लागतात. म्हणून एकाच ओळीत एका घराची फाइल झालेली असते आणि शेजारच्याची अडकलेली असते. फाइल हा शब्द इथं घराच्या तब्येतीसारखा विचारला जातो: "तुमची झाली का हो?"

चालताना वही-पेन काढू नका, असं का सांगता? आम्हाला टिपणं घ्यायची असतात.

अनोळखी माणूस वही घेऊन घराकडं बघत काही लिहायला लागला की वस्तीला मोजणी आठवते, आणि मोजणीपाठोपाठ जेसीबी. ही भीती हवेतली नाही. शहराच्या मधोमध असलेल्या लेबर कॉलनीतली जुनी सरकारी क्वार्टर्स मे २०२२ मध्ये पाडली गेली. तिथं पिढ्या वाढल्या होत्या. ते सगळ्या शहरानं पाहिलं. तेव्हा टिपणं चहाच्या घरी बसल्यावर, विचारून घ्या. चालताना हात मोकळे ठेवा.

हे म्हणजे गरिबी दाखवून पैसे कमावणं नाही का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. आमच्यातल्या दोघांनी याच कारणानं सुरुवातीला अंग काढून घेतलं होतं.

असल्या सहलींचा इतिहास जुना आहे आणि फारसा चांगला नाही. १८८० च्या दशकात लंडनचे सधन लोक ईस्ट एंडच्या गल्ल्या 'बघायला' जायचे. न्यूयॉर्कमध्येही तेच झालं. १९९० च्या दशकात रिओच्या रोसिन्या वस्तीत आणि वर्णभेद संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या सोवेटोत पर्यटकांचे जथे वाढले. काही ठिकाणी माणसं गाडीच्या काचेतूनच वस्ती पाहून परत गेली. आपल्याकडं धारावीत २००५-०६ च्या सुमारास फेऱ्या सुरू झाल्या. तिथं फोटो बंद ठेवले गेले आणि हलाखीपेक्षा कामधंदे डोळ्यांसमोर आणले गेले: भंगाराची वर्गवारी, चामडं, कुंभारवाडा. दिल्लीत पहाडगंजच्या गल्ल्या एकेकाळी रस्त्यावर राहिलेली मुलं स्वतः दाखवतात. यातून आम्ही एक गोष्ट उचलली. कुठं जायचं, काय दाखवायचं, कोणत्या दारासमोर थांबायचं आणि कोणत्या नाही, हे तिथं राहणाऱ्यानंच ठरवायचं. आमच्यातला बाहेरचा माणूस फेरीत बोलत नाही. तो नोंदणी आणि हिशेब पाहतो.

तरीही काहींना हे पटत नाही. वस्तीतल्या एका काकांना आजही पटत नाही. त्यांच्या घरासमोरून आम्ही जात नाही, मागच्या बोळातून वळतो. त्यांनी एकदा विचारलं होतं, "तुमच्या बंगल्यात आम्ही दहा जण बघायला येऊ का?" आम्ही हा प्रश्न प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगतो. उत्तर देत नाही.

फोटो काढता येतील का?

पाणचक्की, दरवाजे, खाम नदीवरचा पूल इथं काढा. चेलीपुऱ्यात शिरल्यापासून मोबाइल खिशात. गुंठेवारी वस्तीत अजिबात नाही. 'फक्त गल्लीचा', 'फक्त चुलीचा', 'मागून, चेहरा न दिसता' असंही नाही.

पहिल्या वर्षी आम्ही इतके कडक नव्हतो. "विचारून काढा" एवढंच सांगायचो. एका पाहुण्यानं नळावर पाणी भरणाऱ्या बाईचा फोटो काढला. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर हंडा, केस विस्कटलेले. फोटो चांगला आला होता, म्हणून त्यानं तो खाली चार हळव्या ओळी लिहून टाकला. दोन दिवसांत तो तिच्या भाच्याच्या मोबाइलवर पोचला, तिथून तिच्या सासरी. आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "मी लग्नात जाताना नटते, तवा कुणी येत न्हाई फोटो काढायला." तो फोटो काढून टाकायला लावला, पण तिनं आमच्याशी बोलणं बंद केलं ते केलंच. ती फेरीच्या वाटेवरच राहते.

यूट्यूबसाठी, रीलसाठी चित्रीकरण करायचं असेल तर कृपया विचारूही नका.

कुणी घरात बोलावलं, पाणी दिलं, तर?

बोलावलं तर चपला बाहेर काढून आत जा. बसायला सतरंजी टाकली तर तीवर बसा. "राहू द्या, उभं बरंय" असं म्हणू नका, घरच्या बाईला ते टोचतं.

पाण्याचं नीट ऐका. मराठवाड्यात दारी आलेल्याला आधी पाणी, मग गोष्टी. वस्तीतही तांब्या-पेला पुढं येणारच. ते पाणी पाच दिवसांपूर्वी भरलेलं किंवा टँकरचं, म्हणजे मोजलेलं आहे. तेव्हा नाकारायचं नाही आणि उष्टं टाकायचंही नाही. "अर्धाच द्या" असं आधी म्हणा आणि घेतलेलं संपवा. पोटाच्या तक्रारीमुळं बाहेरचं पाणी चालत नसेल तर सरळ सांगा, "डॉक्टरनं उकळलेलंच सांगितलंय". कुणाला वाईट वाटत नाही, उलट चहा टाकला जातो. पेला भरून घेऊन, एक घोट पिऊन, उरलेलं मोरीत ओतणारे पाहुणे आम्ही पाहिलेत. अशा वेळी मावशी काही बोलत नाहीत, फक्त पेल्याकडं बघतात.

मुलांसाठी चॉकलेट, जुने कपडे, वह्या आणू का?

आणू नका. एकदा वाटप झालं की पुढच्या फेरीला मुलं धावत येतात, हात पुढं करतात, आणि आईबाप घरातून हाक मारून त्यांना मागं ओढतात. ते पाहणं फार कठीण असतं. ज्या मुलांशी बोलायचंय त्यांच्याशी बोला. अभ्यास विचारू नका, तो सगळेच विचारतात. क्रिकेटचं विचारा.

पैसे किती आणि कुणाला जातात?

माणशी सहाशे रुपये. त्यातले तीनशे वाट दाखवणाऱ्या दोघांमध्ये, शंभर चहा होतो त्या घराला, शंभर रिक्षाला आणि शंभर वस्तीतल्या बायकांच्या बचत गटाला. गटाचे पैसे कशाला वापरायचे ते गट ठरवतो. मागच्या खेपेला बोअरच्या सामायिक मोटारीचं वायंडिंग करून घेतलं. वर बक्षिसी द्यायची इच्छा असेल तर ती गटाच्या डब्यात टाका, हातात देऊ नका.

सुरक्षित आहे का? बायका एकट्या येऊ शकतात का?

हो. आतापर्यंत आलेल्यांत निम्म्याहून जास्त बायकाच होत्या.

लोकांशी काय बोलावं? काय विचारू नये?

आडनाव विचारून जातीचा अंदाज घेऊ नका. मराठवाड्यात हा प्रश्न नुसता प्रश्न नसतो. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्याच्या गावागावांत दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. मधली सोळा वर्षं ज्यांनी सोसली ती माणसं या वस्त्यांत आजी-आजोबा होऊन बसली आहेत. काहींच्या घरच्या पहिल्या शिकलेल्या माणसानं नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात धडे घेतले आणि मुलांची नावं मिलिंद, नागसेन ठेवली. ते स्वतःहून सांगतील तेव्हा ऐका. कुणाच्या भिंतीवर निळा झेंडा आहे, कुणाच्या दारावर आयत आहे, कुणाकडं खंडोबाचा टाक आहे. बघा, पण बोट दाखवून चर्चा करू नका.

जुन्या मोहल्ल्यात दख्खनी कानावर पडेल. 'हौ', 'नक्को', 'हल्लू चलो' हे ऐकून हसू नका. या भाषेला दख्खनेत कित्येक शतकं झाली आहेत. वयानं मोठ्या बाईला आपा किंवा खाला म्हणा, गुंठेवारीत मावशी किंवा काकू. 'आंटी' कुणालाच आवडत नाही.

घराचं भाडं, पगार, नवरा काय करतो हे पहिल्या पाच मिनिटांत विचारू नका. हाताला काय काम आहे ते विचारलं की माणूस खुलतो. शहागंजच्या बाजूला एका म्हाताऱ्या विणकराशी गाठ पडते. हिमरू या इथल्या कापडाचा ताणा सुती आणि बाणा रेशमी का, हे ते अर्धा तास सांगू शकतात, आणि अशा वेळी आम्ही पुढचा टप्पा खुशाल कापतो. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कारागीर आले आणि त्यांच्यासोबत ही कला आली, असं मोहल्ल्यात सांगतात. आता हातमाग फार थोडे उरले आहेत.

शहराला कोणत्या नावानं संबोधायचं?

२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. त्याआधी खडकी, फतेहनगर आणि १६५३ पासून औरंगाबाद अशी नावं होऊन गेली. गल्लीत संभाजीनगर आणि औरंगाबाद, दोन्ही ऐकू येतील. समोरचा जे म्हणतो ते म्हणू द्या. फेरीत या विषयावर वाद घालू नका, अशी विनंती.

जेवण असतं का?

फेरीत फक्त चहा. भूक लागली असेल तर फेरी संपल्यावर जुन्या शहरात नान-खलिया खा. हळदीचा हात फिरवलेला तंदुरी नान आणि मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा. तुघलकाच्या लष्कराची शिदोरी म्हणून याचं नाव घेतात. मांसाहार नको असेल तर चहाच्या घरी आदल्या दिवशी कळवल्यास भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो. त्याचे वेगळे ऐंशी रुपये, थेट त्या घराला.

कपडे, चप्पल, शौचालय?

अंगभर सुती कपडे, डोक्याला रुमाल, पायात बंद बूट. पावसाळ्यात गुंठेवारीच्या मातीत चप्पल रुतून राहते. एप्रिल-मेमध्ये फेरी नसते. चाळीस अंशांच्या वर पारा असताना पत्र्याच्या घरात पाहुणे बसवणं हा त्या घरावर अन्याय आहे.

शौचालय पाणचक्कीच्या परिसरात आहे, तिथंच जाऊन घ्या. वस्तीत कुणाच्या घरचं वापरायची वेळ आली तर मावशींना सांगा. एक बादली पाणी तुमच्यासाठी खर्ची पडणार आहे हे ध्यानात ठेवा.

शाळा-कॉलेजच्या मुलांना आणता येईल का?

कॉलेजची मुलं चालतील, एका वेळी आठच. समाजकार्य शिकणाऱ्यांना प्रश्नावली भरून घ्यायची असते. ती या फेरीत नाही. शाळेच्या लहान मुलांना आम्ही फक्त पाणचक्की आणि नहरीपर्यंत नेतो. दहा वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या मुलाचं घर 'बघायला' उभं करणं दोघांनाही अवघड जातं.

फेरी ऐनवेळी का रद्द होते?

जवळजवळ नेहमी एकाच कारणानं: पाणी आलं. वाट दाखवणाऱ्या मावशींच्या गल्लीत नळ किंवा टँकर त्या सकाळी आला तर फेरी नाही. वेळापत्रक बदललं की आदल्या रात्री उशिरा कळतं, कधी पहाटे. पुण्या-मुंबईहून आलेल्यांची यात गैरसोय होते, हे आम्हाला ठाऊक आहे. पैसे परत मिळतात किंवा पुढची तारीख मिळते. रमजानमध्ये आणि कर्णपुऱ्याची यात्रा भरते त्या नवरात्रात फेरी ठेवत नाही. तेव्हा घरोघर त्यांची स्वतःची गडबड असते.

एकदा आल्यावर पुन्हा येता येईल का?

येता येईल, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्याकडून आम्ही पैसे घेत नाही, कारण तेव्हा तो बहुतेक कुणाच्या तरी घरी आलेला असतो. ज्या घरी चहा घेतला त्यांनी नंबर दिला असेल तर त्यांनाच फोन करा. नंबर आम्ही देत नाही. मागच्या दिवाळीत परभणीची एक शिक्षिका अशीच परत आली होती. मावशींच्या सुनेला बारावीच्या फॉर्मचं काही विचारायचं होतं, म्हणून बोलावलं होतं. फोनवर दिवस ठरवताना पाणी कधी आहे ते विचारून घ्या आणि तो दिवस सोडून या.